लक्ष्मीपूजनाची वही आणि आरोग्याची वही

आश्विन वद्य त्रयोदशीच्या सायंकाळी घराबाहेर दक्षिणेकडे वात करून कणकेचा दिवा लावण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. घरातील कोणासही अपमृत्यू येऊ नये, ही त्या यमदीपदानामागील प्रार्थना. त्याच दिवशी वैद्यमंडळी धन्वंतरीचे पूजन करतात. पुढे अमावास्येस व्यापारी आपल्या नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक रेखतात, ‘शुभ-लाभ’ लिहितात. आणि यमद्वितीयेस, म्हणजे भाऊबीजेच्याच दिवशी, कायस्थ समाजात दौत-लेखणीसह चित्रगुप्ताची पूजा होते. आरोग्य, हिशेब आणि जन्ममृत्यूची नोंद ही तीन सूत्रे आपल्या पूर्वजांनी एकाच सणाच्या दिवसांत गुंफून ठेवावीत, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

मीरा-भाईंदरच्या बाजारपेठांतून लक्ष्मीपूजनाच्या रात्री फेरफटका मारावा, तर वहीपूजनाचा थाट डोळ्यांत भरतो. गुजराती आणि मारवाडी पेढ्यांवर त्यास चोपडापूजन म्हणतात, मराठी दुकानदार वहीपूजन म्हणतो, भाव एकच. ज्याचा हिशेब चोख, त्याच्या घरी लक्ष्मी नांदते. परंतु या शहरास आणखी एक वही आहे. तिच्यावर कोणी कुंकू वाहत नाही, तिच्यापुढे कोणी पेढे ठेवत नाही. ती आरोग्यसेविकेच्या पिशवीत असते, दवाखान्याच्या खिडकीपाशी असते, आणि गेल्या काही वर्षांत ती संगणकाच्या पडद्यावरही आली आहे. कोणत्या घरी मूल जन्मले, कोणास कोणती लस द्यावयाची राहिली, कोणत्या आळीत तापाचे रुग्ण वाढले, कोणाचे क्षयाचे औषध मध्येच थांबले, हे सारे तिच्यात असते, निदान असावयास हवे. त्या वहीविषयी या सणाच्या निमित्ताने चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे.

शहर वाढले, वही मागे राहिली

खाडी, मिठागरे, भातखाचरे आणि उत्तनकडील कोळीवाडे हे या भूमीचे जुने रूप. भाईंदर, मीरा, काशी, नवघर, खारी, घोडबंदर ही वेगवेगळी गावे होती. काही ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली येथे नगरपरिषद झाली. पुढे राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन ही गावेही तीत आली. आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १,७५,६०५ होती. २००१ मध्ये ती ५,२०,३८८ झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ वर पोहोचली.

त्यानंतर मोजणी झालेली नाही. २०२१ ची जनगणना महामारीमुळे लांबली, आणि आता नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे. दरम्यान मिठागरांच्या कडेने, महामार्गालगत, काशीमिऱ्याच्या बाजूने इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या. त्यांत किती माणसे राहावयास आली, हे अंदाजानेच सांगावे लागते.

वाचक म्हणतील, आकडा जुना असला म्हणून काय बिघडले? फार बिघडते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाले. सुमारे ५० हजार वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र, दहा हजारांमागे एक आरोग्यसेविका, दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा स्वयंसेविका, हे त्याचे मोजमाप. २०११ ची लोकसंख्या धरली, तर त्या हिशेबाने या शहरास सोळा केंद्रे लागतात. प्रत्यक्षात वस्ती अधिक असेल, तर वाढलेल्या माणसांचा वाटा कोणाच्याही हिशेबात धरलेला नसतो. त्यांना डॉक्टर, औषध वा लस नाकारली जाते असे नव्हे. परंतु ती मागवितानाच त्यांची गणती झालेली नसते.

याहून सूक्ष्म धोका टक्केवारीत असतो. समजा, एखाद्या विभागात वर्षाला एक हजार बालके जन्मतील असा जुना अंदाज आहे आणि अकराशे बालकांना लस दिली गेली. कागदावर लसीकरण एकशे दहा टक्के झाले! अहवाल पाहणारा समाधानाने पान उलटतो. परंतु तेथे खरोखर चौदाशे बालके असतील, तर तीनशे मुले लसीवाचून राहिली आणि त्यांचा ठावठिकाणा कोणासच नाही. देशातील अनेक जिल्ह्यांच्या अहवालांत शंभराच्या वरची टक्केवारी दिसते, तिचे एक मोठे कारण हेच आहे. दुकानदाराच्या खात्यात जमा खर्चाशी जुळली नाही, तर तो रात्रभर जागून चूक शोधतो. आरोग्याच्या खात्यात एकशे दहा टक्के दिसले, तरी तीच बेचैनी वाटावयास हवी.

एका नोंदीचा प्रवास

ही वही लिहिली कशी जाते, हे पाहणे उद्बोधक आहे. आशाताई आपल्या वाट्याच्या घरांतून फिरते. कोणाकडे दिवस गेले आहेत, कोणाकडे नवे भाडेकरू आले आहेत, याची टिपणी करते. आरोग्यसेविका त्यावरून आपले रजिस्टर भरते आणि लसीकरणाच्या सत्राआधी ‘ड्यू लिस्ट’ काढते, म्हणजे या खेपेस कोणत्या बालकास काय द्यावयाचे आहे त्याची यादी. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. एक तारीख हुकली की पुढचे वेळापत्रक लांबते.

पूर्वी हे सारे आकडे महिन्याच्या अखेरीस बेरजा करून वर पाठविले जात. २००८ साली केंद्र शासनाने आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली संगणकावर आणली आणि केंद्रांचे मासिक आकडे जिल्हा, राज्य, देश असे चढू लागले. तरीही तो ढोबळ बेरजांचाच व्यवहार होता. इतक्या मातांची तपासणी झाली, हे कळे. कोणत्या मातेची राहिली, हे कळत नसे. ती उणीव भरून काढण्यासाठी २००९ च्या अखेरीस माता-बालकांचा नावनिशीवार मागोवा घेणारी प्रणाली आली, आणि पुढे तिचीच जागा आर.सी.एच. पोर्टलने घेतली. बेरजेकडून नावाकडे, हे या प्रवासातील सर्वांत मोठे पाऊल, असे आम्ही मानतो.

साथींची वही निराळी. २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झाले. त्यात तीन नमुने असत : कार्यकर्तीने लक्षणांवरून भरावयाचा, डॉक्टरने संशयित निदानावरून भरावयाचा, आणि प्रयोगशाळेने खात्रीच्या तपासणीवरून भरावयाचा. दर आठवड्यास ते एकत्र होत. एप्रिल २०२१ पासून त्याचे नवे संगणकीय रूप चालू आहे, आणि त्यात आठवडाभर न थांबता नोंद करता येते. पावसाळ्यात डेंग्यू-हिवतापाच्या दिवसांत या फरकाची किंमत कळते. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. एका गृहसंकुलातील तापाची खबर आठवड्याने पोहोचली, तर तोवर गच्चीवरील टाकीत आणि बांधकामाच्या खड्ड्यात डासांची पुढची पिढी तयार झालेली असते. तीच खबर दुसऱ्या दिवशी मिळाली, तर फवारणीचे पथक आणि पाण्याची भांडी तपासणारे कर्मचारी नेमक्या जिन्यावर जाऊ शकतात.

वेशीपलीकडे जन्मलेले बाळ

मीरा-भाईंदरची एक अडचण मात्र याच भूमीची आहे. हे शहर ठाणे जिल्ह्यात मोडते, परंतु त्याचे तोंड मुंबईकडे आहे. दहिसरची वेस ओलांडली की बृहन्मुंबई. बाळंतपणासाठी, शस्त्रक्रियेसाठी, अपघातात, येथील माणूस लोकलने वा रिक्षाने बोरिवली-कांदिवलीचे रुग्णालय गाठतो. त्यात नवल नाही. जेथे उपचार मिळेल तेथे रुग्ण जाणारच.

परंतु १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जेथे झाला तेथेच त्याची नोंद होते. मीरा रोडच्या आईचे बाळ बोरिवलीस जन्मले, तर त्याची नोंद मुंबई महापालिकेत. महिन्याभराने आई आपल्या घरी येते. येथील आरोग्यसेविकेच्या यादीत ते बाळ आपोआप येत नाही; आशाताईने दार ठोठावले तरच येते. मधल्या काळात आई माहेरी गेली असेल, पाळीव कुत्र्याच्या धाकाने वा पहारेकऱ्याच्या आडकाठीने कार्यकर्ती इमारतीत शिरू शकली नसेल, तर ते बाळ दोन्ही वह्यांच्या मधल्या फटीत पडते. मृत्यूचेही तसेच. मुंबईच्या रुग्णालयात दगावलेला येथील रहिवासी तेथील मृत्युसंख्येत मोजला जातो. आणि तो पत्ता परत कळविला गेला नाही, तर येथील कोणत्या वस्तीत कोणत्या रोगाने माणसे जातात, हे येथील अधिकाऱ्यांस उमजत नाही.

शहराच्या आतही वह्या एक नाहीत. भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, जे लोकांच्या तोंडी अद्याप टेंभा रुग्णालयच आहे, ते राज्य शासनाकडे. नागरी आरोग्य केंद्रे महापालिकेकडे. आणि रुग्णांचा मोठा ओघ खाजगी दवाखान्यांकडे. खाजगी दवाखान्यात टोचलेली लस शासकीय यादीत न चढणे, ही तर नित्याची गोष्ट. मग ‘लस राहिली’ असे दाखविणाऱ्या यादीत लस झालेली मुले असतात, आणि खरोखर राहिलेली मुले त्यांच्या गर्दीत हरवतात.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूस गोवराची साथ उसळली, आणि पाठोपाठ भिवंडी, मालेगाव येथेही रुग्ण आढळले. महामारीच्या दोन वर्षांत ज्यांची लस राहिली, अशी मुले घरोघर जाऊन शोधावी लागली. यादी हाती असती, तर तो शोध साथीच्या आधी झाला असता. ‘कोविन’च्या धर्तीवर बालकांच्या लसीकरणासाठी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेली ‘यू-विन’ प्रणाली या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण तिच्यात नोंद बाळाबरोबर वेस ओलांडू शकते. अट एवढीच की, शासकीय आणि खाजगी अशा दोन्ही खिडक्यांवर ती मनापासून भरली गेली पाहिजे.

क्षयरोगाची वही

नोंदीचा धागा तुटला म्हणजे काय होते, हे क्षयरोगाइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही. साध्या क्षयास सहा महिने औषध लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि रुग्णास वाटते की आपण बरे झालो. याच टप्प्यावर बांधकामावरील मजूर काम संपले म्हणून दुसऱ्या गावी जातो. औषध मध्येच सुटले, तर उरलेले जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात, आणि मग तोच रोग अधिक कठीण रूप घेऊन दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतो.

मे २०१२ मध्ये केंद्र शासनाने प्रत्येक क्षयरुग्णाची सूचना देणे खाजगी डॉक्टरांसही बंधनकारक केले, आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. तीत रुग्णास एक क्रमांक मिळतो. तो भाईंदरहून जळगावास गेला, तरी त्याचे खाते तिकडे वर्ग करता येते आणि औषध पुढे चालू राहते. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट खात्यात देण्यास आरंभ झाला, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. येथे वहीतील ओळ रुग्णाच्या ताटातील घास होते. ओळ चुकली, खात्याचा क्रमांक चुकला, तर घासही चुकतो. म्हणूनच ही लिखापढी क्षुल्लक मानता येत नाही.

मोजण्याची महाराष्ट्राची परंपरा

आपल्या प्रांतास हा विषय नवा नाही. गावोगावच्या ‘नमुना चौदा’ या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या आजही पुराव्यादाखल शोधल्या जातात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे जे झाले, त्यातून एक कडू धडा मिळाला. रोगी दाखविला की त्यास उचलून नेतील, घर उधळतील, या धास्तीने लोकांनी रोगी दडविले, मृत्यू दडविले. पुण्यात १८९७ साली गोऱ्या शिपायांनी घरझडत्या घेतल्या, तेव्हाचा संताप मराठी वाचकास सांगावयास नको. धाकाने भरलेली वही खोटी निघते, हे तेव्हाच सिद्ध झाले.

त्याउलट विश्वासाने भरलेल्या वहीने काय साधते, तेही महाराष्ट्राने दाखविले. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन गावाचे आरोग्य त्यांच्या हाती सोपविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावच्या प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद ठेवली. कोणती बाळे, कितव्या दिवशी, कशाने दगावतात हे कळल्यावरच ३९ गावांतील आरोग्यदूतांना घरच्या घरी नवजात बाळाची शुश्रूषा शिकविता आली, आणि तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे निरनिराळ्या संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल सिद्ध केला. शासनदरबारी नोंदले जाणारे बालमृत्यू प्रत्यक्षाच्या मानाने फारच थोडे आहेत, हे त्याने उघड केले. जे मूल कागदावर मेलेच नाही, त्यास वाचविण्याची योजना कोण आखणार?

यंत्राची मर्यादा

संगणक आला म्हणजे सर्व साधले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२१ च्या मे महिन्यात कोविडची लस मोबाईलवरून नोंदवावी लागे, तेव्हा शहरातील चपळ तरुण खेड्यातील केंद्रांच्या जागा अडवीत आणि त्याच गावची माणसे केंद्राबाहेर उभी राहत. यंत्राने नियम अचूक पाळला होता. नियमच अर्धवट होता. उत्तनचा वृद्ध कोळी, चेण्याच्या पाड्यावरील आदिवासी माता, बांधकामावरील मजूर यांच्यासाठी माणसानेच माणसापर्यंत जावे लागते.

आरोग्यसेविकेच्या श्रमाचाही विचार व्हावा. एकच नोंद आधी रजिस्टरात, मग मोबाईलमध्ये, मग आणखी एका पोर्टलवर चढविताना तिचा दिवस लेखनिकाच्या कामात जातो. जी माहिती ती वर पाठविते, तिचा निष्कर्ष तिच्याकडे परत आला, तर तिला त्या श्रमाचे सार्थक वाटेल. आज आकडे पायऱ्या चढतात. ते क्वचितच खाली उतरतात. आणि उद्दिष्ट गाठले नाही म्हणून जेथे रागे भरले जाते, तेथे आकडा गाठला जातो, उद्दिष्ट राहून जाते.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. कोणास कोणता रोग आहे, हे चव्हाट्यावर येता कामा नये. एचआयव्हीबाधितांच्या गुप्ततेस २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि वैयक्तिक माहितीविषयी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, आणि आपली कागदपत्रे कोणास दाखवावयाची, ही संमती रुग्णाची आहे. हे नागरिकांस नीट समजावून सांगितले, तर विश्वास वाढेल. लपविले, तर प्लेगच्या काळातील दडवादडवी नव्या रूपाने परत येईल.

आपला वाटा

महापालिकेने आणि शासनाने करावयाचे ते करावेच. नव्या इमारतींची मोजणी दरवर्षी व्हावी. मुंबईच्या रुग्णालयांत नोंदलेले येथील जन्ममृत्यू पत्त्यासह येथे कळविले जावेत. खाजगी दवाखान्यांस नोंद करणे सोपे व्हावे. परंतु घरातील माणसासही थोडे करता येण्याजोगे आहे. केसपेपरावर हल्लीचा, पुरता पत्ता द्यावा. गावाकडचा वा जुन्या घराचा नव्हे. बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड सोन्याच्या दागिन्यासारखे जपावे. खाजगीत लस टोचली, तर ती आशाताईस दाखवावी. एकवीस दिवसांत जन्माची नोंद करावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांस शाळाप्रवेशापासून अनेक ठिकाणी जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. घरात दुःखद प्रसंग आला, तर रुग्णालयाकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. सुधारित कायद्याने जवळच्या नातलगास तो हक्क दिला आहे. आणि गृहसंकुलाच्या पदाधिकाऱ्यांनी पहारेकऱ्यास सांगून ठेवावे की, आशाताई आल्या तर त्यांना वर सोडावे, आणि आधी पाणी विचारावे.

यमदीपाची वात दक्षिणेस करून आपण अपमृत्यू टळो अशी प्रार्थना करतो, ती अवश्य करावी. त्या प्रार्थनेस जोड हवी ती अशा वहीची, जीत या शहरातील एकही जीव नोंदीवाचून राहणार नाही. लक्ष्मीपूजनास दुकानाची चोपडी उघडाल, तेव्हा घरातील मुलांची कार्डेही एकदा उघडून पाहा. एखादी तारीख राहिली असेल, तर सणानंतरच्या पहिल्या सत्रास ती भरून काढा.

ही दीपावली मीरा-भाईंदरच्या घराघरांस आरोग्याची आणि दीर्घायुष्याची जावो!